जन्मजात

राजाबाई उपासनेतून मधेच उठून गेली, तेव्हा शिमोन आढाव अगदी भरात होता. चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल महिना. सेटलमेंटच्या कडेला असलेल्या त्या लहानशा चर्चचं पत्र्याचं छप्पर सकाळपासूनच तापलं होतं आणि बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या. शिमोन सांगत होता, की माणूस पाप करतो म्हणून पापी ठरतो असं नाही. तो मुळातच पापी असतो, म्हणून पाप करतो. निंबाला निंबोळ्या लागतात त्या काही निंबानं ठरवून लावलेल्या नसतात. हे वाक्य त्यानं आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा घासून लिहिलं होतं. "जन्मजात," तो म्हणाला, आणि शब्द लोकांच्या मनात मुरावा म्हणून जरा थांबला.

त्या थांबण्यातच पुढच्या बाकावरची राजाबाई उठली. मधल्या वाटेनं सरळ दारापर्यंत गेली, चपला पायांत सरकवल्या आणि उन्हात निघून गेली. सगळ्या मंडळीनं माना वळवून पाहिलं. शिमोन इथं पाळक म्हणून यायच्या कितीतरी आधीपासून ती हे चर्च झाडत होती, घंटा वाजवत होती. आजवर कुठल्याही पाळकाच्या उपदेशातून ती उठली नव्हती. शिमोननं उपदेश पुरा केला, पण धागा तुटला तो तुटलाच.

उपासना संपल्यावर चर्चचे पंच म्हणाले, म्हातारीला उन्हाचा त्रास झाला असेल. शिमोनला तसं वाटलं नाही. जेवण झाल्यावर बायको मार्था पडा जरा म्हणत असताना तो छत्री घेऊन सेटलमेंटमध्ये गेला.

इंग्रजांच्या राज्यात काही जमाती कायद्यानंच गुन्हेगार ठरल्या होत्या. कुणी काय चोरलं हे बघायचं कारण नव्हतं. त्या जमातीत जन्म झाला की पुरे. अशा लोकांना सोलापुरात आणून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी, बाहेर पडायला पास, गिरणीत कामाला जाताना पास, सोयऱ्याच्या मयताला जाताना पास. राजाबाईचा जन्म त्या तारेच्या आत झाला होता, लग्नही आतच. स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी तो कायदा गेला आणि तार तोडली गेली. वस्तीचं नाव मात्र सेटलमेंटच राहिलं.

राजाबाई दारात बसून शेंगा फोडत होती. शिमोनला बघून तिनं पोतं झटकून अंथरलं. तब्येत कशी आहे, असं त्यानं विचारलं.

"उनामुळं न्हाय उठले," ती म्हणाली. "त्यो शबुद ऐकला आन् बसवंना झालं."

"कोणता?"

"जल्मजात."

मग शेंगा फोडता फोडताच तिनं सांगितलं. लहानपणी तिला वाटायचं, की सगळ्या जगातली माणसं सकाळी उठून हजेरी देत असतील. एकदा तिनं बापाला विचारलं, आपण काय चोरलं? बाप म्हणाला, आपण काय न्हाय चोरलं पोरी, आपण जल्माला आलो. तार तुटली त्या दिवशी ती आणि तिच्या बरोबरीच्या बाया नाचल्या होत्या. तिचा अंबादास तेव्हा लहान होता, त्याला तिनं मुद्दाम कुंपणाच्या जागेवरून इकडून तिकडं चालवलं होतं.

शिमोननं तिला समजावलं. आपण फक्त इथल्या लोकांबद्दल बोललो नाही, सगळ्या मानवजातीबद्दल बोललो. राजा काय आणि भिकारी काय, देवापुढं सगळे सारखेच.

"सगळी म्हंता व्हय," राजाबाई म्हणाली. "पर पोलिसाची गाडी आमच्याच दारात येती की."

प्रार्थना करू, म्हणून तो उठला. वाटेत आपण प्रार्थना न करताच उठलो हे त्याच्या लक्षात आलं. पण परत जायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला थारा राहिला नाही. त्यात व्याख्यान डोक्यावर होतं. शहरातल्या एका वाचनालयात दर मे महिन्यात व्याख्यानमाला व्हायची. तिचे अध्यक्ष चनबसप्पा हे मूळचे वळसंगचे, आता शहरातले नावाजलेले कापड व्यापारी. सगळ्या धर्मांची माणसं बोलवावीत अशा विचाराचा माणूस. यंदा त्यांनी शिमोनला बोलावलं होतं. विषय होता 'पापाची कल्पना आणि आजचा माणूस'. शिमोन म्हणजे करमाळ्यासारख्या गावातल्या एका कंपाउंडरचा मुलगा. शहरातले वकील, डॉक्टर, प्राध्यापक त्याचं ऐकायला बसणार होते. शिमोनला त्याचा आनंद झाला होता आणि आनंद झाल्याचं थोडं वाईटही वाटत होतं.

त्याचं नाव सुचवलं होतं मल्लिकार्जुननं. दोघं इथल्या हायस्कुलात एका बाकावर बसलेले. मल्लिकार्जुन आता कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. घरात लिंगपूजा होती, पण याचा स्वतःचा कशावर फारसा विश्वास नव्हता. शिमोननं त्याला राजाबाईची हकिकत सांगितली तेव्हा तो अजिबात हसला नाही.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ती तार तुमच्याच शिकवणीनं बांधली, शिमोन. माणूस मुळातच वाईट, हे एकदा मनात बसलं की त्यातली जास्त वाईट माणसं कोणती ते निवडायचं फक्त बाकी राहतं. तो शब्दच सोडून दे. माणूस कसा घडतो ते आज कळतं आपल्याला. गरिबी असते, बालपण असतं, भीती असते. पाप कुठंच नसतं."

शिमोन वाद घालून आला, पण घरी येऊन त्यानं व्याख्यानाची लिहिलेली पानं फाडली. पुन्हा लिहायला घेतली, पुन्हा फाडली. पाप हा शब्द काढून टाकला की सगळं सोपं व्हायचं आणि पोकळ व्हायचं. तो ठेवला की राजाबाई डोळ्यांसमोर उठून चालायला लागायची. जेवताना तो मधेच उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. मार्था म्हणाली, ताटावर तरी बसा नीट.

चर्चच्या बाकांचे पाय वाळवीनं खाल्ले होते. राजाबाईचा अंबादास आता तिशीतला, हाताला चांगला असलेला सुतार होता. मे महिना लागल्यावर एके दिवशी तो उन्हं कलता कलता हत्यारं घेऊन आला आणि कामाला लागला. चर्चला लागूनच पाळकाचं घर. मधल्या लहान खोलीत शिमोन लिहायचा. त्या संध्याकाळी हातोड्याचे ठोके त्याच्या डोक्यात बसत होते. शेवटी वैतागून तो बाहेर आला आणि थोडा वेळ ठोकाठोकी थांबव म्हणाला. अंबादासनं बरं म्हणून रंधा हातात घेतला. मग त्याची खरखर सुरू झाली. मार्थानं त्याला चहा दिला. दिवे लागून बराच वेळ झाला तरी तो वाकून काम करत होता. जाताना भुसा झाडून, दार लोटून, येतो साहेब म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीतून शिपाई आला. फौजदारसाहेबांनी बोलावलंय, म्हणाला.

चौकीत फौजदारासमोर खुर्चीवर चनबसप्पा बसले होते. रुमालानं सारखं कपाळ पुसत होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. माणसांची ये-जा, गडबड, आणि त्या गडबडीत त्यांच्या बायकोच्या, ईरम्माच्या, पाटल्या कपाटातून गेल्या. त्या कपाटाची दारं मागच्या महिन्यात अंबादासनं बसवली होती. तेवढ्यावरून कुणी त्याचं नाव घेतलं, आणि राहतो कुठं हे कळल्यावर पुढं विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पहाटेच त्याला उचलून आणलं होतं.

फौजदार फार अदबीनं बोलला. "तो म्हणतोय, काल संध्याकाळभर तुमच्या चर्चमध्ये काम करत होता."

"आला होता," शिमोन म्हणाला.

"सगळा वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होता?"

आतल्या बाजूला कुठंतरी बादली सरकवल्याचा आवाज झाला. चनबसप्पांनी शिमोनकडं पाहिलं आणि म्हणाले, पाळकसाहेब आहेत, खऱ्याला सोडून बोलायचे नाहीत. ते भल्या मनानंच म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक ओढ होती. त्यांना चोर हवा होता, आणि तो सापडला असं वाटून त्यांना बरं वाटत होतं. उद्या संध्याकाळी याच माणसाच्या शेजारी आपल्याला व्यासपीठावर बसायचं आहे, हे शिमोनच्या मनात येऊन गेलं.

"मी आतल्या खोलीत लिहीत होतो," तो म्हणाला. "सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता, असं कसं म्हणू?"

"एवढंच हवं होतं," फौजदार म्हणाला.

चहा आला. शिमोननं तो घेतला. चनबसप्पा त्याला पायऱ्यांपर्यंत सोडायला आले. अशा वेळी तुम्हाला त्रास दिला म्हणून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि उद्या गाडी पाठवतो म्हणाले.

परत येताना शिमोन भरभर चालला. आपण बोललो त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता. तो आत लिहीतच होता. अंबादास सगळा वेळ डोळ्यांसमोर नव्हताच. कानांवर मात्र सगळा वेळ होता. तो हातोडा, तो रंधा, आपलं ते वैतागणं. त्यानं चाल आणखी वाढवली.

मार्थानं विचारलं तेव्हा तो जे बोलला ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मग मी चहा कुणाला दिला?" ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

संध्याकाळी राजाबाई आली. दारातच उभी राहिली, आत येईना. वस्तीतले दोघंतिघं चौकीबाहेर बसून आले होते, त्यांना कुणी दाद दिली नव्हती. तिला एकच विचारायचं होतं.

"तुमी चौकीत सांगितलं न्हवं, पाळकसायब? अंबादास हितं हुता म्हणून?"

"सांगितलं," शिमोन म्हणाला.

"मग सोडतील," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. तिनं पदर सारखा केला आणि निघाली. आत स्वयंपाकघरात मार्थानं भांडं जोरात खाली ठेवल्याचा आवाज शिमोनला ऐकू आला.

दुसरा दिवस त्यानं भटकून काढला. घरात बसवेना. सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती चक्कर मारली, बाजारातून निष्कारण फिरला, एका उपाहारगृहात चहा मागवला आणि न पिताच उठला. दोनदा चौकीच्या रस्त्याला लागला आणि दोनदा वळला. आज व्याख्यान आहे, उद्या जाऊ. एका दिवसानं काय होतं, असं त्यानं ठरवलं. एका दिवसानं काय होतं हे आत असलेल्या माणसाला विचारायला हवं, हेही त्याच वेळी त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी गाडी आली. मार्था आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

सभागृह भरलं होतं. शिमोननं लिहिलेली पानं पुढ्यात ठेवली, पण पहिल्या पानानंतर ती उलटायचं त्याला भान राहिलं नाही. त्यानं पाप हा शब्द काढला नाही. जन्मजात हा शब्दही ठेवला. तो म्हणाला, पाप म्हणजे वाईट कृत्यांची जंत्री नव्हे. माणसाच्या आत एक कल असतो, जमिनीला उतार असतो तसा. पाणी कुठंही ओता, ते स्वतःच्या बाजूलाच वाहतं. आजचा माणूस म्हणतो, दोष परिस्थितीचा, दोष संस्कारांचा. ते खोटं नाही. पण सगळाच दोष परिस्थितीचा झाला, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं कुणाच्या डोळ्यांत बघायचं? माणूस नेहमी खोटं बोलूनच पाप करतो असंही नाही. तो खरं बोलूनही करतो. खऱ्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचलतो, आणि वर स्वतःला सत्यवचनी समजतो.

इथं त्याचा आवाज फुटला. तो थांबला, पाणी प्यायला. लोकांना वाटलं, माणूस मनापासून बोलतोय. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी टाळ्या वाजल्या त्या बराच वेळ वाजत राहिल्या. चनबसप्पांनी हार घातला आणि आभार मानताना म्हणाले, की आपल्या सगळ्यांच्या आतलं आज यांनी उघडं केलं. एका म्हाताऱ्या वकिलांनी येऊन शिमोनचा हात दोन्ही हातांत धरला. हाराचा वास शिमोनला सोसवेना.

गाडी नको म्हणून तो मल्लिकार्जुनबरोबर चालत निघाला. नवी पेठेतली दुकानं अजून उघडी होती. मल्लिकार्जुन खुशीत होता. मला पटलं नाही, पण फार छान बोललास, म्हणत होता. शिमोननं हार एका गाईपुढं टाकला आणि सगळं सांगितलं. चौकी, ते वाक्य, राजाबाईला दिलेलं उत्तर.

मल्लिकार्जुन चालता चालता ऐकत होता. मग म्हणाला, "तू घाबरलास. आणि सेटलमेंटवाला म्हणजे चोर, हे सगळ्या शहरानं तुझ्या डोक्यात शाळेच्या वयापासून घातलंय. त्याला तू काय करणार? स्वतःवर कोरडे ओढू नकोस."

"मग फौजदाराच्या डोक्यातही घातलेलंच आहे."

"अर्थात."

"चनबसप्पांच्याही."

"हो."

"मग अंबादासला मारतंय कोण?"

टांगा जाऊ द्यायला दोघं कडेला थांबले.

"ते मला सांगता यायचं नाही," मल्लिकार्जुन शेवटी म्हणाला. "पण उद्या सकाळी चौकीत जा. त्याला पापबिप काही लागत नाही."

"मला लागतं," शिमोन म्हणाला. "नाहीतर मी अजून एक दिवस थांबेन. मला माझी कारणं पटतात."

मी बरोबर येऊ का, असं मल्लिकार्जुननं विचारलं. शिमोन नको म्हणाला.

सकाळी तो चौकीत गेला तेव्हा फौजदार नुकताच येऊन बसला होता. शिमोन उभ्यानंच बोलला. अंबादास साखरपुड्याच्या संध्याकाळी पूर्ण वेळ चर्चमध्ये होता. मी त्याचा हातोडा ऐकत होतो, त्याला थांबवायला बाहेर आलो होतो, माझ्या बायकोनं त्याला चहा दिला. दिवे लागल्यावर कितीतरी वेळानं तो गेला.

"त्या दिवशी असं म्हणाला नाहीत," फौजदार म्हणाला.

"त्या दिवशी मी खोटं बोललो."

"खोटं कुठं? तुम्ही आत लिहीत होता, हे खरं की नाही?"

"खरं. पण ते खोट्यासाठी वापरलं."

फौजदाराला असल्या बोलण्यात रस नव्हता. जबाब फिरवणं बरं दिसत नाही, तुमच्यासारख्या माणसानं या लोकांच्या भानगडीत पडू नये, असं त्यानं शांतपणे बजावलं. शिमोननं जबाब लिहून घ्या म्हटलं. ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. बाकावर बसून राहावं लागलं. ऊन दारातून आत येत येत त्याच्या पायांपर्यंत आलं. बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट आठवली. त्या संध्याकाळी लिहायला बसण्याआधी त्यानं चर्चमधलं, प्रभुभोजनाची चांदीची भांडी ठेवायचं कपाट कुलूप लावून बंद केलं होतं आणि किल्ली खिशात घातली होती. अंबादास कामाला यायचा असला की तो ते दरवेळी करायचा. एरवी कपाट उघडंच असायचं. हे करताना त्याच्या मनात कधी काही आलंसुद्धा नव्हतं. भीती चौकीत वाटली होती. हे त्याच्या कितीतरी आधीचं होतं.

दुपारी अंबादासला सोडलं. तो भिंतीला धरत बाहेर आला. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती. शिमोन पुढं झाला तेव्हा अंबादासनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि त्याचा आधार न घेता पायऱ्या उतरला.

टांगा करून शिमोननं त्याला आधी सिव्हिल हॉस्पिटलात नेलं, मग घरी. बोटं मोडली होती. राजाबाईनं लेकाला आत निजवलं, पाणी पाजलं, आणि बाहेर येऊन शिमोनपुढं हात जोडले. देवमाणूस हाय तुमी, म्हणाली.

शिमोननं तिचे हात खाली केले. मग त्यानं पहिल्यापासून सांगितलं. चौकीत काय म्हणालो, तुला दारात काय म्हणालो, व्याख्यान होईपर्यंत थांबलो तेही. कपाटाच्या किल्लीचंही सांगितलं. ते सांगताना त्याला सगळ्यांत जड गेलं, कारण ते कुणालाच कळलं नसतं.

राजाबाई खाली बसली. आतून अंबादासचा आवाज आला.

"मग तवा का न्हाय बोलला?"

"तू चोर नाहीस हे मला माहीत होतं," शिमोन म्हणाला. "तरी आत कुठंतरी मला ते खरं वाटत नव्हतं."

"तुमी त्या दिशी म्हनला," राजाबाई हळूहळू म्हणाली, "जल्मजात. त्यात फौजदार बी येतो?"

"येतो."

"आन् त्ये शेट?"

"तेही. आणि मी. त्या दिवशी मी सगळे म्हणालो, पण बोलताना मी स्वतःला बाहेर उभं केलं होतं. तारेच्या बाहेर."

राजाबाईनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याला कळलं नाही. "जावा आता," ती म्हणाली. "त्याला झोपू द्या."

रविवारी शिमोन व्यासपीठावर चढला नाही. खाली बाकांच्या मधे उभं राहून त्यानं मंडळीला हे सगळं सांगितलं. काही बायका रडल्या. पंचांना ते आवडलं नाही. पाळकानं स्वतःची अब्रू अशी चव्हाट्यावर आणली तर मंडळीनं कुणाकडं बघायचं, असं त्यांनी नंतर विचारलं, आणि वरिष्ठांनाही कळवलं. वरिष्ठांकडून समज आली. बदली झाली नाही. चनबसप्पा पुढं एकदा बाजारात दिसले. ते थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग दुकानातल्या माणसाला हाक मारून आत गेले. पाटल्या कुणी नेल्या, हे शेवटपर्यंत उघडकीला आलं नाही.

मार्था पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली. कपाटाची किल्ली शिमोननं तिच्याकडं दिली. ती म्हणाली, मला नको. मग किल्ली खिळ्याला लटकत राहिली.

शिमोनची तगमग गेली नाही. चौकीत खरं सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलंही, पण थोडाच वेळ. आता तो रस्त्यानं जाताना लोकांकडं बघायचा, हमालाकडं, हवालदाराकडं, शाळेतल्या मास्तरांकडं, आणि आपल्या मनात त्या त्या माणसाबद्दल आधीपासून काय लिहिलेलं आहे ते वाचायचा प्रयत्न करायचा. दर वेळी काहीतरी सापडायचंच. मल्लिकार्जुन म्हणाला, हे तर मी वर्गात शिकवतो. शिमोन म्हणाला, शिकवतोस, पण क्षमा कुणाकडं मागायची ते सांगत नाहीस. मल्लिकार्जुन म्हणाला, तुला तरी मिळाली का? यावर शिमोननं थोडा विचार केला आणि देवाकडची मिळाली असं धरून चालतो, म्हणाला. माणसाकडची मागितलेली आहे.

पावसाळा संपता संपता अंबादास माळशिरसकडं निघाला. त्याच्या मावसभावाचं तिकडं ऊस वाहायच्या बैलगाड्या दुरुस्त करायचं काम होतं. बोटं नीट जुळली नव्हती. पटाशीचं बारीक काम त्याला आता जमत नव्हतं, आणि शहरात नव्या घरांत त्याला कुणी बोलावतही नव्हतं. राजाबाईनं निरोप दिला नव्हता, पण मार्थाला कुठून तरी कळलं, आणि शिमोन एसटी स्टँडवर गेला.

अंबादास हत्यारांची पेटी टपावर चढवून खाली उतरत होता. शिमोननं त्याच्यासाठी मार्थानं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. ती घ्यावी की नाही असा विचार करत अंबादास उभा राहिला. मग घेतली.

"सायब," तो म्हणाला, "तुमी चौकीत आला, त्ये बरं झालं. पर मनातनं जात न्हाय."

"जाऊ देऊ नकोस," शिमोन म्हणाला. "मलाही जाऊ द्यायचं नाही."

अंबादासनं मान डोलावली. बैलगाड्यांचं काम कसं असतं ते शिमोननं विचारलं. जू आणि माल ठेवायच्या साट्या बनवायचं सोपं असतं, चाकाचं अवघड, असं त्यानं सांगितलं. आऱ्यांचं माप चुकलं की सगळं चाक वाया जातं. मग कंडक्टरनं घंटी दिली आणि तो आत चढला. राजाबाई खिडकीखाली उभी राहून तिकडं पोचल्यावर कुणाला भेटायचं, काय सांगायचं ते बजावत राहिली, आणि गाडी हलली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.